आधी फेफरं, मग अपघात

माझ्या ओळखीतले जवळजवळ सगळे असं समजतात की तरुणपणी मी मोटारसायकलवरून पडलो, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून मला फेफरं यायला लागलं. माझी बायको हेच समजून गेली. मुलांना हेच माहीत आहे. दवाखान्याच्या कागदावरही हेच होतं, कारण डॉक्टरांना ते मीच सांगितलं होतं.

खरं उलट आहे. फेफरं आधी होतं. त्याच्यामुळे अपघात झाला, आणि त्यात माझ्यामागे बसलेला माणूस गेला.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. ज्यांना हा आजार आहे, किंवा ज्यांच्या घरात तो आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी लपवण्याबद्दल सांगू शकतो, तेवढा अनुभव माझ्याकडे आहे.

पहिली फीट

आमचं गाव फैजपूरजवळ. घरची केळी. मी एकवीस वर्षांचा असताना एका सकाळी बागेत पाणी भरायला गेलो. आधी तोंडात लोखंड चोखल्यासारखी चव आली, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं, आणि पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी वाफ्यातल्या चिखलात होतो. नाकाशी कोणाची तरी चप्पल होती आणि जीभ चावली गेली होती.

माय रडत होती. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते रडले नाहीत. पाणी भरायला आलेल्या दोघा गड्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "ऊन लागलं त्याला. काय झालं?"

"ऊन लागलं," ते दोघं म्हणाले.

तेव्हा सकाळचे आठ वाजले होते.

दोन महिन्यांनी दुसरी फीट घरातच आली. त्यानंतर नानांनी मला समोर बसवलं. माझी धाकटी बहीण सुमन तेव्हा सोळा वर्षांची होती. नाना म्हणाले, "ज्या घरात फेफरं आहे त्या घरची पोर कोणी करत नाही. तुझं जे व्हायचं ते होईल. तिचं का वाटोळं करतो?" मी मान हलवली. मला कुठल्या डॉक्टरकडे नेलं नाही, कारण डॉक्टरकडे नेलं की चार लोकांना कळतं. दंडात एक ताईत बांधला आणि तो शर्टाच्या बाहीखाली राहील याची काळजी घेतली.

मी नानांना दोष देत नाही. लपवलं आम्ही दोघांनी. पुढे तर मी एकट्यानं.

हवालदार आबा

जळगावला एका मारवाडी शेठजींचं खताचं दुकान होतं. तिथे मला नोकरी लागली. यावल, फैजपूर भागातल्या केळीवाल्यांकडे जाऊन मागणी घ्यायची, खत कसं टाकायचं ते सांगायचं. शेठजींनी एक जुनी मोटारसायकल घेतली होती. म्हणाले, "परवाना काढ. गाडी तुझ्या हातात देतो. नाहीतर माझ्याकडे एसटीनं फिरणारी माणसं पुष्कळ आहेत."

त्या काळी जळगावात मोटारसायकल नीट शिकवणारा एकच माणूस होता. फौजेतून निवृत्त झालेला, सगळे त्यांना हवालदार आबा म्हणत. फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवण्याचं काम त्यांनी केलं होतं. डाळमिलच्या पलीकडच्या माळावर ते सकाळी शिकवायचे. एका वेळी चार-पाच जण असायचो. पहिले चार दिवस इंजिन सुरूच करायचं नाही. गाडी नुसती ढकलायची, आडवी पाडायची, उचलायची. एकदा एका व्यापाऱ्याचा मुलगा कुरकुरला, "आबा, मी गाडी चालवायला आलो, हमाली करायला नाही."

"चालवता कोनले बी येस," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "पडल्यावर उचलता येस का, ते माले दाखाड."

पाचव्या दिवसापासून आबा मागे बसायचे. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. दुसरा हात आमच्या खांद्यावर. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडे, उजव्या म्हणजे उजवीकडे, दोन्हीकडे म्हणजे थांब. तांब्यातलं पाणी सांडलं की ती फेरी पुन्हा. माझ्या पाठीवर इतकं पाणी सांडलं की सोबतचे म्हणायचे, "याची आंघोळ आबाच घालतात."

पण शिकवायला घेण्याआधी त्यांनी प्रत्येकाला एकेकटं बाजूला नेऊन विचारलं होतं. मलाही विचारलं. "तुले चक्कर येस का? फेफरं, आकडी, काही शे का? लाजू नको. मी कोनले सांगाव नही. पन गाडीवर मी बसाडाव नही."

मी म्हणालो, "नाही, आबा."

मग परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "फीट? चक्कर?" मी म्हणालो नाही. अर्जात तसा रकाना होता. त्यातही मी 'नाही' लिहून खाली सही केली. माझं अक्षर चांगलं होतं.

परीक्षेच्या दिवशी निरीक्षकसाहेबांनी फक्कीनं आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून गाडी फिरवायला लावली. पाय जमिनीला टेकला की नापास. माझा टेकला नाही. आबा कुंपणाशी उभे होते. माझं झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे फार होतं.

त्या वर्षात मला आणखी तीन फिटा आल्या. तिन्ही वेळा मी खोलीवर होतो. मी मनाशी ठरवून टाकलं की गाडीवर असताना ती येत नाही.

माझ्याकडे वेळ होता

आबांची बायको वारली होती. एकुलती मुलगी विमल धुळ्याला दिलेली. माहेरी करणारं कोणी नसल्यामुळे तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. बारशाला या म्हणून तिचं कार्ड आलं. शेठजींच्या कामासाठी मला धुळ्याला जायचंच होतं. मी म्हणालो, "आबा, माझ्या मागे बसा. पाहा तरी शिकवलेलं कितपत राहिलंय."

त्यांनी बाळासाठी चांदीचे वाळे घेतले होते. ते रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवले आणि बसले.

पारोळा मागे पडल्यावर माझ्या तोंडात लोखंडाची चव आली.

हे मी पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून नीट सांगतो. चव आल्यापासून शुद्ध जाईपर्यंत मला काही क्षण मिळायचे. खोलीवर असताना तेवढ्या वेळात मी जमिनीवर आडवा व्हायचो. रस्त्यावरही तेवढा वेळ होता. रस्ता मोकळा होता. ब्रेक दाबून गाडी कडेला लावता आली असती. पण थांबलो असतो तर आबांनी विचारलं असतं, का थांबला? मी ब्रेक दाबला नाही. जाईल, असं म्हटलं. दोन्ही खांद्यांवर टिचकी बसली ते आठवतं. मग आणखी जोरात बसली. त्यापुढे काही नाही.

वॉर्ड

धुळ्याच्या एका दवाखान्यात आम्हा दोघांना समोरासमोरच्या खाटांवर ठेवलं होतं. माझा पाय मांडीत मोडला होता, तो वजन लावून ताणून बांधलेला. डोक्याला टाके. आबांच्या बरगड्या आणि खुबा. ते शुद्धीत होते, पण श्वास घेताना त्यांचा चेहरा वेडावाकडा व्हायचा.

वॉर्डचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. थर्मामीटर, मग चहा, मग झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी. मला आबांकडे पाहायचं नसलं तरी दुसरीकडे पाहता येत नव्हतं. पाय बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीस आले. मी म्हणालो, "म्हैस आडवी आली." विचार करून बोललो नाही. ती म्हैस कुठून आली मला आजही माहीत नाही. त्यांनी वळून आबांना विचारलं.

आबा माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तो सांगस तेच."

पोलीस गेल्यावर, आजूबाजूच्या खाटांवर जेवणं चाललेली असताना ते हळू आवाजात बोलले. "तुनं आंग लाकूडगत व्हयनं. माले मांगे समजनं. फौजमां पाहेल शे मी. कव्हयपासून शे?"

"दोन वर्षं झाली."

"मग मी इचारं तव्हय का नही सांगं?"

"सुमनचं लग्न जुळतंय, आबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "लगीन व्हऊ दे तिनं. मग सांगी टाक. विमलले तू सोता सांग. दुसरा कोनाकडून नको." आणि थोड्या वेळानं, "गाडीले पुन्हा हात लावू नको."

एवढंच. एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

विमलचं घर दवाखान्यापासून चालत पाऊण तासावर. पण ती ओली बाळंतीण. सव्वा महिना पुरा झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि दवाखान्यात तर नाहीच. त्यामुळे बाप त्याच गावात पडलेला असून तिला येऊ दिलं नाही. तिचे मोठे दीर, त्यांना घरात तात्या म्हणत, ते दोन्ही वेळा डबा घेऊन यायचे. माझ्या घरची माणसं फैजपूरहून रोज येऊ शकत नव्हती हे पाहून तिसऱ्या दिवसापासून तात्या दोन डबे आणायला लागले. माझ्यासाठी भाकरी कुस्करून, वर दूध घालून द्यायचे. "खाय रे भाऊ. हाड दूधनंच जुडस," असं म्हणत चमचा हातात द्यायचे.

चौथ्या दिवशी वॉर्डात मला फीट आली. मला फक्त नंतरचं माहीत आहे. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कांदा फोडायला धावले, कोणी चप्पल काढली. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनं सगळ्यांना हाकललं, माझं तोंड कुशीला केलं, गळ्याजवळचं बटण सोडलं आणि थांबेपर्यंत डोक्याखाली हात धरून ठेवला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालं तर एवढंच करा. तोंडात चमचा घालू नका, नाकाशी काही लावू नका. शुद्धीवर आलो तेव्हा ती म्हणाली, "संपलं हं. काही झालं नाही." त्या आजारात माझ्याशी कोणी इतक्या साधेपणानं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. "याआधी कधी आली होती?"

आबा समोर होते. जागे होते.

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी लिहिलं की डोक्याच्या मारामुळे. आणि त्यांनी मला सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नाही, रोज गोळी घेतली तर बहुतेकांच्या फिटा थांबतात. रोज गोळी घेतली तर थांबतात. दोन वर्षांपूर्वी हे ऐकायला मला फैजपूरहून जळगावपर्यंत एसटीनं जावं लागलं असतं, बाकी काही नाही.

सहाव्या दिवशी सकाळी आबांना ताप चढला, श्वास लागला, आणि दुपारी ते गेले. तात्या डबा घेऊन आले तेव्हा खाटेवर चादर ओढलेली होती. ते भिंतीला टेकून खाली बसले. बऱ्याच वेळानं माझ्या खाटेजवळ आले आणि माझा डबा ठेवत म्हणाले, "पोऱ्या पांढऱ्या पायना निंघना, भाऊ. अठरा दिवसमां आज्याले खाई गया."

मी ऐकलं. म्हैसही नव्हती आणि पोराचाही काही संबंध नव्हता, हे त्या घटकेला सांगू शकणारा मी एकटा उरलो होतो. मी भिंतीकडे तोंड केलं. तात्यांना वाटलं मी आबांसाठी रडतो आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर

गोळ्या लागू पडल्या. पहिल्या वर्षात दोन फिटा आल्या, पुढे वर्षानुवर्षं एकही नाही. गोळ्यांनी हिरड्या सुजायच्या, सकाळी डोकं जड असायचं. माय त्या गोळ्या पित्ताच्या चूर्णाच्या डबीत ठेवायची. परवाना मी परत केला. गाडीला पुन्हा हात लावला नाही. आबांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी तेवढी एक मी पाळली.

सुमनचं लग्न त्याच वैशाखात झालं. मग मी सांगायला हवं होतं. पण मग तिचे सासरचे काय म्हणतील असं झालं. मग माझं लग्न निघालं. मग मुलं. प्रत्येक वेळी पुढे एखादं लग्न असायचंच. गेल्या वर्षी सुमनला खरं सांगितलं. ती सत्तरीची आहे, गुडघ्यांनी बेजार. म्हणाली, "दादा, माझ्या नावावर हे सगळं ठेवताना मला एकदा विचारलं होतंस का?"

शेठजींनी मला दुकानात बसवून घेतलं होतं. चार-पाच वर्षांनी एकदा तात्या तिथे आले. माझी तब्येत विचारली, पायाचं हाड जुळलं म्हणून खूश झाले. मी बाळाचं विचारलं. "प्रकाश नाव ठेवेल शे. हुशार शे," ते म्हणाले. मग जरा खाली पाहून म्हणाले, "पन सकाळी कामले निंघतांना त्याले मांगना खोलीमां ठेवतस. कोनी सोयरीकले निंघनं तरी. बायका मानतस, काय करवा?"

मी त्यांना चहा पाजला. बसपर्यंत सोडायला गेलो. बस सुटेपर्यंत खिडकीशी उभा होतो. सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी गोळी घेताना मला ते मागच्या खोलीतलं पोर दिसायचं. पाच वर्षांचं, मग दहा वर्षांचं. मी बरा होत गेलो तसं ते मोठं होत गेलं.

धुळे

या वर्षी दिवाळीनंतर मी एकटा एसटीनं धुळ्याला गेलो. घर शोधायला अर्धा दिवस गेला. विमलअक्का ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या. मी नाव सांगितल्यावर ओळखलं आणि लगेच पदर सावरून म्हणाल्या, "आबा तुमच्याच गाडीवर होते. बसा, भाऊ. आत पंखा आहे."

मी ओट्यावरच बसलो आणि सगळं सांगितलं. फेफरं, अर्ज, तोंडातली चव, टिचक्या, जबाब, आबांचं बोलणं. त्यांचे हात शेंगा सोलत राहिले. मी संपवल्यावर थांबले.

"मी कार्ड टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "आबा, बारशाला याच, म्हणून. 'याच' खाली दोन रेघा मारल्या होत्या. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दोन रेघा मारल्या नसत्या तर ते आले नसते."

मी हात जोडले.

"हात जोडू नका. माझं काय, माझं होत आलं आता. मला कशाला सांगता? त्याला सांगा." आणि आत वळून हाक मारली, "प्रकाश!"

तो बाहेर आला. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा, शाळेत मास्तर होऊन निवृत्तीला आलेला. मी पुन्हा सगळं सांगितलं. तो उभाच होता. एकदाही मला थांबवलं नाही.

मग म्हणाला, "माझ्या लग्नाच्या वऱ्हाडात मला सगळ्यात शेवटी घराबाहेर काढलं होतं. नवरदेवाला. तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"तात्या अजून आहेत," तो म्हणाला. "चला."

तात्या आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. नव्वदीच्या पुढचे. हात तेच होते, फक्त त्यांच्यावरचं मांस गेलेलं. त्यांनी मला ओळखलं नाही. "कोन शे हाऊ?"

"त्यांना कमी ऐकू येतं," प्रकाश म्हणाला. "मोठ्यानं सांगा."

मी कानाशी वाकून सांगायला लागलो.

"काय म्हणस? काहीच समजत नही."

"मोठ्यानं," प्रकाश पुन्हा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. वर्गात शेवटच्या बाकावरच्याला सांगावं तसा तो बोलत होता.

मग मी ओरडलो. पन्नास वर्षं जे मी कुजबुजूनही बोललो नव्हतो ते ओरडून सांगितलं. मला फेफरं येत होतं! आधीपासून येत होतं! मी आबांशी खोटं बोललो! गाडीवर मला फीट आली, त्यामुळे आबा गेले! खोलीला रस्त्याकडे खिडकी होती. बाहेर दोन बायका बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. प्रकाशची बायको हातात लाटणं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

तात्या माझ्याकडे पाहत राहिले. ओठ हलत होते. समजायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी मान वळवून प्रकाशकडे पाहिलं, आणि मग पुन्हा माझ्याकडे.

"मंग या पोऱ्यानी काय करं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"आं?"

"काही नाही, तात्या! त्यानं काहीच केलं नव्हतं!"

"अजून मोठ्यानं," प्रकाश म्हणाला.